आज नवीन काय जमलं

५ जानेवारी, तेलीबांधा, रायपूर
आले बाई एकदाची! वर्ध्याहून निघाले होते धाकट्या भावाचं, अनिमेषचं नवं घर बघायला, आणि स्टेशनवरून थेट गेले आयसीयूत. न्यूमोनिया, सतरा दिवस घशात नळी. आज घर पाहिलं. दुसरा मजला, गॅलरीतून तळं दिसतं.

दारात भावजयीने, पिंकीने, भाकरतुकडा ओवाळला. आमची आई ओवाळलेला तुकडा लांब फेकायची, म्हणजे माणसामागे लागून आलेलं बाहेरच राहतं. पिंकी रायपुरात वाढलेली, मराठी समजते पण उत्तर हिंदीत. खाना कैसे फेंके दीदी, म्हणत तिने तुकडा स्वयंपाकघरात नेला. मला हसूच आलं.

डॉक्टरबाईंनी ही वही दिली. मरणाच्या दारातून परतलेली माणसं खचतात, तशी पूर्वीपेक्षा खंबीरही होतात म्हणे. रोज नवीन काय जमलं ते लिहायचं. दोन मजले आधाराविना चढले की वर्ध्याला, माझ्या देवश्रीकडे. नऊ वर्षांची आहे, माझ्याविना जेवत नाही नीट.

आज नवीन काय जमलं: चहाचा कप स्वतः धरला.

७ जानेवारी
कुकरची शिट्टी झाली की छातीत धस्स होतं. तिथली यंत्रं आठवतात, आणि शेजारच्या खाटेवरची सुशीला. गुढियारीत भाजी विकायची. दिवसभर माझ्याकडे बघून छत्तीसगढीत एकच धोशा, मोला घर ले चल, मला घरी ने. माझ्या तोंडात नळी. तिला बरं वाटावं म्हणून मी हो अशी मान हलवली. माझी नळी निघाली त्याच सकाळी ती गेली.

आज जमलं: तिच्यासाठी रडले.

१० जानेवारी
एक मजला चढले! मग लालभाजी निवडायला बसले. डाव्या हाताने भराभर जुड्या बांधल्या, सुतळीला दातांनी गाठ मारली. पिंकीने विचारलं, कहाँ सीखा. मी कुठेच शिकले नाही. मी उजवी आहे.

१२ जानेवारी
डॉक्टरबाई खूश. आजाराने तुम्हाला नवी ताकद दिली, म्हणाल्या. दुपारी मी झोपले होते, तर पिंकी सांगते की मी गॅलरीतून खालच्या बायकांशी छत्तीसगढीत गप्पा मारत होते. मला ती बोली येत नाही. अनिमेष हसला. म्हणे, काहून भिऊन राहिली तू, सुधरून राहिली ना!

सुधारतंय खरं. पण कोण? मला फार भीती वाटते.

१३ जानेवारी
दोन्ही मजले चढले. धापसुद्धा लागली नाही.

देवश्रीचा फोन आला. म्हणाली, आई, सकाळी तू किती छान बोललीस, आता मी बाबांबरोबर येतेच. सकाळी मी फोन केलाच नव्हता.

पिंकीला तुकड्याचं विचारलं. वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून दिला म्हणे — मलाच. आणि मी खाल्ला.

१४ जानेवारी
तिळगूळ करताना हात माझं ऐकेना. डावा हात.
पोर उद्या येणार. तिला जवळ घेईन ते कोणाच्या हातांनी —
पिंकीला नीट समजावलं. पुन्हा ओवाळायचं. फेकायचं. लांब. हव दीदी, म्हणाली.

१५ जानेवारी
देवश्री आली. आत आहे. तिला अजून शिवले नाही, आधी हे.

वही कमरेला खोचून उंबऱ्याबाहेर उभी राहिले. पिंकीने ओवाळलं, पायांवर पाणी घातलं. तुकडा जिन्यातून पार खाली फेकला. आओ दीदी, म्हणाली.

मी पाऊल उचललं. उचललं, पण —

माझ्या अंगावरूनच कोणीतरी आत गेलं. माझीच साडी. ओले पाय.

दार लागलं. मी वाजवतेय. आवाज होत नाही. जिन्यात मी, आणि वही.

पिंकीने या वेळी सगळं बरोबर केलं. मागे लागून आलेलं बाहेर —

आत देवश्रीने आई म्हणून हाक मारली. कोणीतरी ओ दिली, माझ्याच आवा