अकरा नळ्या

३ फेब्रुवारी १९८६
आज इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाले. बेलापूरला क्वार्टर मिळाली. दोन खोल्या, भिंतींना अजून चुन्याचा वास, आणि नळाला दिवसभर पाणी! चिपळूणला आईला लगेच पत्र टाकले. आमचा वॉर्ड जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलांचा. डॉ. टिपणीस सरांनी स्वतः सगळे समजावले. मानेतून मोठ्या शिरेत बारीक नळी घालतात, औषधे तिच्यातून जातात. तिचे टोक हृदयाच्या उंबऱ्यावर थांबले पाहिजे. आत शिरले तर इवल्या हृदयाला भोक पडू शकते, म्हणून लगेच एक्स-रे काढायचा. सर फार हळुवार बोलतात. इथे माझे चांगले जमेल.

१० फेब्रुवारी
चार नंबरच्या खाटेवर पुतळा आहे. नऊ वर्षांची, शिरवण्याची. थोडे चालली की ओठ निळे पडतात, मग उकिडवी बसते. तिची आई केशरबाई दिवसभर खाटेच्या पायथ्याशी असते. आज शेजारच्या वैशालीला नळी घातली. पुतळा स्वतःच्या खांद्याला हात लावून म्हणाली, “बाय, तिची नळी इकडं वळली हाय.” एक्स-रेत तसेच निघाले. सर हसले, मीही हसले.

२१ फेब्रुवारी
सात मुले झाली, सातही वेळा तिचे खरे. एक्स-रे मशीन चार दिवस बंद आहे, म्हणून सर तिला टेबलाशेजारी स्टुलावर बसवतात. ती छातीवर बोट ठेवून सांगते, ते नळी सरकवतात. एकही चूक नाही. तिचे स्वतःचे ऑपरेशन उद्या होते, ते पुढे ढकलले. आईने विचारले तर ताप आहे सांगा, म्हणाले. मी सांगितले. केशरबाईने लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

५ मार्च
मशीन सुरू झाले. स्टूल तिथेच आहे. ऑपरेशन पुन्हा पुढे, पुन्हा ताप. आता सांगताना काही वाटत नाही. पुतळा म्हणते, मुलांच्या नळ्या काढल्या तरी तिच्यातल्या निघत नाहीत. किती आहेत, विचारले.
“अकरा हायत.”

७ मार्च
एक्स-रेवाल्या भगवानने पुतळाच्या छातीचा फोटो दोनदा काढला. दोन्हींत अकरा पांढऱ्या रेषा. तिला अजून एकही नळी घातलेली नाही. सरांनी फोटो ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाले, उद्याच ऑपरेशन करू.

८ मार्च
टेबलावर तिने माझा हात धरला. भूल चढली तरी सोडला नाही. नळी घालताना सरांनी सवयीने विचारले, “पुतळा, कुठे आली?” ती झोपलेली. माझ्या छातीत काहीतरी गार — फार खोल. मला कळले होते. मी बोलले नाही.
पुतळा गेली. केशरबाईला मीच सांगितले. आवाज नीट होता.

११ मार्च
दिलीप, तीन वर्षांचा. नळी खोल गेली. या वेळी सांगितले. सरांनी मागे ओढली. वाचला. मग मान वर न करता भगवानला म्हणाले, स्टूल सिस्टरना द्या.

१३ मार्च
आज दोन मुले. दोन्ही बरी. माझ्यात चार. पहिली पुतळाची — ती एका जागी राहत नाही. सकाळपासून हृदयाकडे सरकते आहे. सरांना सांगू म्हटले, पण बाहेर टोकच नाही, ओढणार कुठून — आत्ता पुन्हा —