अबू धियाबच्या ट्रकची गळती

प्रिय सुवैलिम,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच शेगडीत टाकलं असतंस, म्हणून पत्ता शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतला. फोन करावा असंही मनात आलं होतं. पण तुझा आवाज ऐकून माझी बोबडी वळली असती आणि मी थंडी-वाऱ्याचं विचारून फोन ठेवून दिला असता. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. अकरा वर्षांत थोरल्या भावाने तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा एवढं मागायचा मला फारसा हक्क नाही हे कळतं मला.

आधी इकडची खबर. तुझी वहिनी फिद्दा जाऊन तीन वर्षं झाली, तुझा निरोप तेव्हा पोचला होता. मुली आपापल्या घरी सुखात आहेत. गॅरेज चालू आहे, म्हणजे सकाळी दार उघडतो आणि संध्याकाळी लावतो. नव्या गाड्यांना हल्ली कॉम्प्युटर जोडतात. माझ्याकडे येतात ते म्हातारे ट्रक आणि त्यांचे त्याहून म्हातारे ड्रायव्हर. सकाळी मरमियाची पानं घालून चहा करतो तो अजून दोन ग्लासांपुरता होतो. दुसरा ग्लास दुपारी मीच पितो, गार झालेला.

गळती शोधणं हे एकट्याचं काम नव्हे, हे बाबांनी आपल्याला किती वेळा सांगितलं असेल. एक वर, एक खाली. वरच्याने केबिनमध्ये बसून ॲक्सिलरेटर दाबायचा, खालच्याने उताणं पडून टॉर्चच्या उजेडात तेल कुठून येतं ते बघायचं. मी थोरला म्हणून नेहमी वर, तू काडीपैलवान म्हणून नेहमी खाली. तिथून ओरडायचास, "दाब की दादा, सासूच्या पायावर पाय देतोयस असं समजून दाब!" आणि फिद्दाची आई नेमकी दारात उभी असायची. आता मी पेडलवर दगड ठेवतो आणि स्वतःच खाली सरपटत जातो. मागच्या महिन्यात दगड घसरला, इंजिनाचा आवाज एकदम पडला, मी दचकून उठलो आणि कपाळ चॅसीवर आपटलं. हसायला कोणी नव्हतं. खूप वेळ तसाच खाली पडून राहिलो, लागलं होतं म्हणून नव्हे. तुझी आठवण येत होती.

तीन आठवड्यांपूर्वी अबू धियाबचा ट्रक आला. हो, तोच. अकरा वर्षं त्यांच्या घरामागे ताडपत्रीखाली उभा होता, तो त्यांच्या पोराने, धियाबने, ओढून आणला. शोबकच्या एका सफरचंदवाल्याला विहिरीच्या पंपासाठी इंजिन हवंय, पण गळकं नको म्हणतो. मागून कुबडी टेकत अबू धियाब स्वतः आले. तुझ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "खलैफ, याचं रक्त थांबव बाबा. माझा पाय गेला तो गेला, हा तरी कुणाच्या झाडांना पाणी पाजू दे."

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. तरी लिहितो, कारण तेव्हा जे तोंडाने बोललो ते मला एकदा हाताने लिहायचं आहे. ते इंजिन आपण दोघांनी मिळून बांधलं होतं. वरचं सगळं माझ्याकडे, खालचं तुझ्याकडे. क्रँकच्या मागच्या टोकाची, तेल अडवणारी दोरीची सील तू बसवलीस, तेल लावलेल्या हातोडीच्या दांड्याने तासभर घोटत होतास आणि मी वरून चेष्टा करत होतो की नवरीला मेंदी लावतोयस काय. चौथ्या दिवशी नकबच्या उतारावर मागून तेल गळून क्लचवर गेलं, क्लच सुटायला लागला, इंजिनाला गाडी धरून ठेवता येईना. ब्रेक तापले, संपले, ट्रक कड्यावर जाऊन आदळला आणि अबू धियाबांचा पाय गेला. मग घराण्याच्या दिवाणखान्यात सगळी बैठक भरली. अबू धियाबच्या माणसांनी विचारलं की हात कुणाचा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मागची सील सुवैलिमने बसवली. माझं बोटसुद्धा तिला लागलेलं नाही." तू एकच विचारलंस, "दादा, उघडून बघितलंस?" मी म्हणालो, "बघायचं काय राहिलंय त्यात?"

त्यानंतर आपल्या मआनमध्ये तुझ्या हातात कुणी पाना दिला नाही आणि तू मफ्रकला निघून गेलास. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "अरे, एकदा उघडून तरी बघ." मी ऐकू न आल्यासारखं करायचो. ती गेली तेव्हा सुतकाच्या तंबूत तीन दिवस तू एका टोकाला बसलास आणि मी दुसऱ्या. मधे एवढी माणसं होती, पण मला तुझ्याशिवाय कोणी दिसत नव्हतं. तरी उठून आलो नाही.

तर इंजिन. बाबांच्या पद्धतीने रॉकेलने धुतलं, गरम पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं आणि सगळीकडून पीठ भुरभुरवलं. पिठावर तेलाचा डाग कुठे आधी उमटतो तेवढं बघायचं. चौथ्या झटक्याला सुरू झालं. दगड ठेवून मी खाली गेलो. पहिला डाग आला तो क्लचच्या घराखाली, म्हणजे मागूनच. खरं सांगतो सुवैलिम, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी आपण खरे ठरलो म्हणून बरं वाटलं. एवढा कोता माणूस झालोय मी.

मग टॅपेट कव्हरची कड ओली झाली. मग पुढच्या पुलीमागे, मग खालच्या तेलाच्या चेंबरच्या जोडावर, शेवटी तेल मोजायच्या पट्टीच्या नळीतूनसुद्धा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. पुढची सील बदलली, तीही ओली. अबू धियाब रोज येऊन बसायचे. म्हणाले, "आमच्या हिच्या सांध्यांसारखं झालंय हे, गुडघा बांधला की कंबर दुखते." मला हसू येईना. मागचं काम तुझं होतं, पण बाकीच्यांतल्या बऱ्याचशा जागा माझ्या होत्या. सगळ्याच जागा एकदम गळायला लागल्या की दोष जागांचा नसतो, इंजिनाच्या आत वारा कोंडलेला असतो आणि तो मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो, हे शिकाऊ माणसालाही कळतं. इंजिन चालू ठेवून वरचं तेल भरायचं झाकण सैल केलं. ते माझ्या हातातून उडालं आणि धुराचा भपका तोंडावर आला. आतला वारा बाहेर टाकायला इंजिनाला एक नळी असते, ती बंद होती. जी आधी तपासायची ती मी शेवटी तपासली, कारण ती वरच्या बाजूला असते आणि वरची बाजू मी बांधली होती.

तारेचा आकडा आत घालून ओढलं तर चिंधी आली, तेलाने काळी आणि लाकडासारखी कडक. ती बघताच ते इंजिन बांधायचा दिवस आठवला. इंजिन उघडं होतं आणि दुपारी खमासीनचा धुळीचा वारा सुटला होता. असा वारा आला की आपण सगळेच इंजिनाचं प्रत्येक भोक मिळेल त्या कापडाने बुजवतो. बाबांचा नियम एकच, वीतभर शेपूट बाहेर लोंबती ठेवायची, म्हणजे काढायला विसरत नाही. त्या दिवशी हाताशी काही नव्हतं म्हणून मी डोक्याला गुंडाळलेला शेमागचा रुमाल फाडला. तो आईने गोंडे लावून दिलेला, जास्त फाडवेना. एवढासा कोपरा फाडून आत कोंबला, शेपटीपुरतं कापडच उरलं नाही. वारा थांबल्यावर नळीला टोपी बसवली आणि विसरलो. चिंधी रॉकेलमध्ये धुतली. कोपऱ्यात निळा दोरा निघाला. आपल्या दोघांच्या शेमागांची अदलाबदल होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून आईने तो फक्त माझ्या शेमागाच्या कोपऱ्यात घातलेला.

नळी मोकळी करून इंजिन पुन्हा धुतलं, पुन्हा पीठ टाकलं, दोन तास चालवलं. मागे एक थेंब आला. अकरा वर्षं उभ्या राहिलेल्या दोरीच्या सीलला एक थेंब म्हणजे काहीच नाही. तुझं काम चांगलं होतं रे. चिंधी घेऊन मी अबू धियाबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चिंधी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाले, "पाय माझा गेला, पण मी घरात झोपलो. तो पोरगा घरातून गेला. हे माझ्या कानात काय सांगतोस? ज्या बैठकीत त्याचं नाव घेतलंस तिथे जाऊन आपलं घे."

शुक्रवारी गेलो. कॉफीचा कप पुढे आला तो न पिता खाली ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही, तेव्हा माझं मागणं आहे हे सगळ्यांना कळलं. मी चिंधी कपाशेजारी ठेवली आणि म्हणालो, सुवैलिमवर घातलेला दोष माझा आहे, तो त्याच्यावरून उतरवून माझ्यावर घाला. थोरले चुलते म्हणाले, "दिलं. पी आता." माझ्याने पिववेना. मी म्हणालो, हे द्यायचं तुमच्या हातात नाही, देणारा मफ्रकला आहे. कप तसाच ठेवून घरी आलो. म्हणून हे पत्र. चिंधी पाकिटात आहे, आईचा दोरा तू ओळखशील. माफ कर म्हणायची मला लाज वाटते, तरी म्हणतो. धियाब महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे, कारण इंजिनाची शेवटची तपासणी राहिली आहे आणि ती मी एकट्याने करणार नाही. आलास तर या वेळी तू वर बस. मी खाली झोपतो.

तुझाच,
खलैफ