इथी पेंटरले काम आहे

संघपालचे बाबा, जयभीम.

भिलाईहून तुमचं पत्र आलं. "चंद्रपुराकडे पेंटरले काम नाई, म्हणून मी इकडे आलो. तू घरीच राह्य," असं लिवलं तुमी.

मी घरी नाई. कोरपन्याजवळ नव्या सिमेंट कारखान्यात गंज घासाले जाते. तिथी बाया घासतात अन् माणसं रंग मारतात. बाईच्या हाती ब्रश देत नाई.

दिवाळीनंतर पेंटर लोक धान कापाले ब्रह्मपुरीकडे गेले. आमी घासलेल्या टाकीवर पुन्हा गंज चढू लागला. मले पाहवलं नाई. डब्बा उघडला, शिडी चढली अन् लाल रंगाचा हात मारला. मुकडदम नवाबभाई खालून ओरडला, "उतर बाई, पडशील!" मी म्हणलं, "टाकी पुरी झाली का उतरते."

आता तोच मले रोज वर पाठवते.

हे पत्र मी टपालाच्या पेटीत टाकत नाई. वाचलं का तुमी धावत येसान, अन् नवाबभाई माणूस पाहून ब्रश तुमाले देईल. इथी पेंटरले काम आहे. ते मी करून राह्यली. तरी आलेच, तर घासनाऱ्या बायांत एक जागा खाली आहे. माहीच.

पंचशीला,
पेंटर