भिंतीपलीकडची सुरय्या

चि. द्वारका,

धाकटी असलीस तरी तुझे गुडघे माझ्याहून म्हातारे आहेत, म्हणून पहिला आशीर्वाद त्यांना. लिहितेय माझी नात श्रद्धा. काय लिहितेय, देव जाणे.

हडपसर मला मानवलंय. जेवते, झोपते, टोमणे मारते.

शेजारची सुरय्या गेली, हे श्रद्धाच्या बापाने, आनंदने, फोनवर सांगितलंच असेल. मी दिवसभर घरात एकटी, म्हणून ती रोज सकाळी भिंतीवर लाटणं ठोकायची. "आजी, आहात ना?" मीही ठोकून सांगायची, "आहे गं, तुझी सुटका नाही."

ती गेल्यावरही सवयीने मी ठोकतच राहिले. मागच्या आठवड्यात पलीकडून उत्तर आलं! गुडघे विसरून बाहेर धावले. दारात तिचा नवरा अमीन, हातात तिचं लाटणं.

"आजी, रोज ऐकत होतो," तो म्हणाला. "हात उचलवत नव्हता."

आता रोज ठोकतो, अगदी तिच्यासारखं. क्षणभर तीच वाटते. मग चहा कडू लागतो.

गावी ये म्हणतेस. पण मी आले आणि त्याने ठोकलं, तर पलीकडे कोण असेल? त्यापेक्षा तूच ये.

तुझ्या भिंतीपलीकडे कोण आहे गं?

तुझी, अजून असलेली,
आक्का