न मोजलेली नाडी

१२ मे, सोमवार

पोहोचले एकदाची! मिरजेहून निघाल्यापासून अंगातलं सगळं पाणी घामावाटे गेलं होतं, पण स्टेशनवर हेरंबमामा शहाळं हातात घेऊनच उभा होता. मामा शहराबाहेर आवडी नावाच्या गावात एका फॅक्टरीत नोकरीला. त्याच्या क्वार्टरमध्ये पाच माणसं आणि एक कूलर, तिथं माझा अभ्यास होणार नाही हे त्यालाच आधी कळलं. म्हणून मैलापूरचं हे घर त्यानं शोधून ठेवलं.

घर श्रीविद्याअक्कांचं. तंजावरकडची मराठी मंडळी. अक्का जॉर्ज टाउनमधल्या एका बँकेत आहेत, सकाळी आठला निघतात, संध्याकाळी साडेसहाला परत. लग्न केलेलं नाही, घरात त्या आणि त्यांची आई. आईचं नाव त्रिपुरसुंदरी. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसभर त्यांचं मी बघायचं, त्याबदल्यात राहणं, जेवण आणि शांतता. ७ जूनला नर्सिंग ऑफिसरची परीक्षा. ऑगस्टमध्ये मला तीस पूर्ण होतील, त्यानंतर वयात बसत नाही. म्हणजे हीच शेवटची. दोन वर्षं घासली आहेत, आता सव्वीस दिवस म्हणजे काहीच नाही.

खरी गंमत अशी, की आजी स्वतः सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या. गल्लीत सगळे त्यांना मेट्रनअम्मा म्हणतात. मी मेट्रनबाई म्हणायचं ठरवलं. त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी फळीला तक्ता लावलेला आहे, अगदी वॉर्डात असतो तसा. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक वेळेला ताप, नाडी, श्वास, बीपी आणि शेवटी सही. अक्का घरी आल्या की आधी तक्ता वाचतात आणि मग आईकडे बघतात, असं मामा म्हणाला. मला हे घर फार आवडलं.

१४ मे, बुधवार

अक्कांचं मराठी ऐकायला मजा येते. 'हौ' म्हणतात, 'नक्को' म्हणतात, मध्येच अख्खं वाक्य तमिळमध्ये, आणि माझ्या बोलण्याला हसतात. पुस्तकातलं मराठी बोलतेस म्हणे!

मेट्रनबाईंनी आज माझी परीक्षाच घेतली. मी नाडी पंधरा सेकंद मोजली आणि चारनं गुणली, सगळे करतात तसं. त्यांनी डावा हात उचलून एक बोट दाखवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मला आधी कळेना. मग कळलं, पूर्ण एक मिनिट. मोजलं. अठ्ठ्याऐंशी. पंधरा सेकंदांच्या हिशेबानं चौऱ्याऐंशी आली होती. त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे पास. वाचा नसताना इतकी बोलणारी बाई मी पाहिली नाही. हात-पाय पुसताना, कूस बदलताना मी त्यांना प्रश्नसंच वाचून दाखवते. बरोबर पर्यायाला डाव्या हाताचं बोट हलतं. चाळीसपैकी एकोणचाळीस उत्तरं आमची जुळली, आणि चाळिसाव्याला माझंच चुकलेलं होतं.

१९ मे, सोमवार

आज सराव परीक्षा होती, ऑनलाइन, नऊ ते बारा. मध्ये उठलं की नापास करतात, कॅमेरा चालू असतो. पुढच्या खोलीत बसले. दहाचं राहिलं, बाराचंही राहिलं. साडेबाराला आत गेले तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या असतील म्हणून उठवलं नाही. दहा आणि बाराचे चौकोन मनानेच भरले. ताप ९८.४, नाडी ७२, श्वास १८, बीपी ११८/७६. सही.

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, की जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. मग लिहिलं ते केलं, असंही धरायला हरकत नसावी! मिरजेत वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोघी जणी असायचो, तिथं कोण कोणाची नाडी मोजत होतं? सगळ्याच थापा मारायच्या. तरी जरा लाज वाटली, म्हणून दोन वाजता नीट मोजली. बरोबर ७२ आली. जीव भांड्यात पडला.

सराव परीक्षेत दोनशेपैकी एकशे एकसष्ट. आईला फोन केला, ती रडलीच.

२३ मे, शुक्रवार

मेट्रनबाईंचे आकडे आता हलतच नाहीत. सोमवारपासून दर वेळी ७२, ९८.४, ११८/७६. इतकं स्थिर असेल तर मोजत बसायचं कशाला? आजपासून सकाळीच दिवसभराचा तक्ता भरून टाकते, सहा सह्या एका दमात, आणि अभ्यासाला बसते. कूस बदलणं, जेवण, पुसणं मात्र वेळेवर करते, त्यात कुचराई नाही. अक्का तक्ता बघून खूश आहेत. अम्मा इतकी बरी वर्षभरात नव्हती, म्हणाल्या, आणि माझ्यासाठी देवळाबाहेरून मोगऱ्याचा गजरा आणला.

बाई मात्र रुसल्या आहेत. प्रश्नसंच वाचला तरी बोट हलत नाही. जेवण तोंडात घेतात, गिळत नाहीत, कडेनं बाहेर येतं. नुसत्या माझ्याकडे बघत राहतात. लबाडी कळली असणार, तीस वर्षं मुलींना हेच करताना पकडलं असेल त्यांनी.

गेले तीन दिवस जिना चढताना मला धाप लागते. उकाडा भयंकर आहे.

२७ मे, मंगळवार

आज जे झालं ते सरळ लिहिते, म्हणजे उद्या वाचून मलाच हसू येईल.

सकाळी तक्ता भरताना कंटाळा आला म्हणून बाराच्या चौकोनात गंमत म्हणून नाडी ९१ लिहिली. बारा वाजता सहज हात धरला. ९१. पूर्ण मिनिट मोजली. पुन्हा मोजली. ९१. दोनच्या चौकोनात ७२ होतं. दोन वाजता मोजली, ७२.

मग स्वतःची मोजली. माझी कायम ऐंशीच्या आसपास असते, कॉलेजात सगळ्या माझ्या मनगटावर शिकल्या आहेत. आज ५६.

अशक्तपणा असेल. अभ्यास, जागा बदल, पाणी बदल. लिंबू-सरबत प्यायले.

२९ मे, गुरुवार

बाराचा चौकोन आज मुद्दाम रिकामा ठेवला. बाईंचं मनगट धरून बसले, डोळे घड्याळावर. बारा वाजले. एक मिनिट गेलं, नाडी थांबली. हळू वगैरे झाली नाही, थांबली. मान चाचपली. नाकाशी आरसा धरला, स्वच्छ. हात गार, कोपरात वाकेना. हे आत्ता गेलेलं माणूस नव्हे, मी किती मृतदेह पुसले आहेत, मला कळतं.

आणि डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होते, आणि त्यात राग नव्हता. सुटल्यासारखा चेहरा होता.

मी घाबरले. पेन उचललं आणि ७२ लिहिलं. सही केली. माझ्या बोटांखाली ती पुन्हा सुरू झाली, आणि माझ्या छातीत काहीतरी खचकन ओढलं गेलं. फरशीवर बसले ती अर्धा तास उठता आलं नाही. माझी ४८.

संध्याकाळी जुने तक्ते काढले. १९ मेच्या सकाळी आठपर्यंत आकडे माणसाचे आहेत, ७८, ८६, ८१. त्यानंतर नुसतं ७२, मध्ये एकदाच माझं ते गमतीचं ९१.

त्या दिवशी मी पुढच्या खोलीत बसून प्रश्न सोडवत होते तेव्हा मेट्रनबाई गेल्या. बारा-पंधरा पावलांवर, एकट्या, भिंतीकडे तोंड करून. आणि मी नाडी ७२ लिहिली. ते खोटं खरं करायला लागणारे ठोके कुठून तरी यायला हवेत. जिची सही, तिचे येतात.

१ जून, रविवार

अक्का घरी होत्या. सगळं सांगितलं. थापा मारल्या हेही सांगितलं, पाया पडले. त्या धुतलेल्या साड्यांच्या घड्या घालत होत्या, घालत राहिल्या. मग म्हणाल्या, की परीक्षेच्या ताणानं पोरींना असं होतं, मैलापुरातच एक चांगला डॉक्टर आहे. आईच्या कपाळावर हात ठेवला आणि ऊब आहे म्हणाल्या.

ऊब आहेच. माझी आहे.

निघून जाता येईल. पण मी गेले की चौकोन रिकामा राहणार आणि बाई जाणार, म्हणजे मीच दुसऱ्यांदा मारलं. खरं, म्हणजे नाडी शून्य, लिहायचं तरी तेच. आणि परीक्षेला सहा दिवस. हेही मनात येतं, नाही असं खोटं कशाला लिहू.

३ जून, मंगळवार

आज धीर केला. चूक दुरुस्त करायची आमची रीत आहे, खोडायचं नाही, आकड्यावर एकच रेघ मारायची आणि बाजूला सही. दोनच्या चौकोनावर रेघ मारली. बाईंचा चेहरा सैल पडला. माझ्या हातापायांत उष्णता आली, इतके दिवस काय गेलं होतं ते तेव्हा कळलं.

आणि अक्का दारात. डोकं दुखतं म्हणून लवकर आल्या होत्या. त्यांनी आईला हलवलं. मग जो आवाज काढला तो — चाळीस वर्षांच्या बाईचा नव्हता, हरवलेल्या पोरीचा होता. माझ्या पायाला मिठी मारून म्हणाल्या, लिही, अम्मा गेली की मला कोणी नाही.

लिहिलं.

४ जून, बुधवार

अक्कांनी रजा घेतली. स्वतः सही करते म्हणाल्या. आठला केली, दहाला केली. साडेदहाला भिंत धरून बाहेर आल्या, ओठ निळे. पेन माझ्या हातात दिलं आणि देवघरात जाऊन बसल्या. नक्को, भीती वाटते, एवढंच म्हणाल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. रागावायलाही ताकद लागते.

माझी ३८.

५ जून, गुरुवार

मैलापुरात माणसं घामानं निथळतायत आणि मी शाल घेऊन. ओळी वाचते, पान उलटलं की आठवत नाही.

बाई आज माझ्या हाताकडे बघत होत्या. डावा हात पुढे. पाणी दिलं, नको. रुमाल, नको. पेन हवं होतं. त्यांना ठाऊक आहे कुठं रेघ मारायची.

दिलं नाही. अक्का दारात उभ्या होत्या.

६ जून, शुक्रवार

परीक्षेचं केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एन्नोरच्या बाजूला. मामानं ऑटो ठरवलाय, सकाळी सातला. तीनच तास हवेत मला. तीन तास बसता आलं की —

उद्याचे सहाही चौकोन आजच भरले. सह्या केल्या. अक्कांनी फळी धरून ठेवली. परवा दुसरी मुलगी येते म्हणाल्या, केरळची, अनुभवी. मी विचारलं तिला सांगणार का. त्यांनी तक्ता परत जागेवर लावला.

एकदाच. पेपर होऊ दे. मग बाईंना सोडवते.

७ जून, शनिवार

सात. ऑटो वाजवतोय. दोन पायऱ्या उतरले, तिसरीवर बसले. उठता येईना. पुन्हा वाजवला. मग आवाज लांब गेला.

दोन वर्षं. गेली.

अक्का कामावर गेल्या, मला इथं टेकवून, बाईंच्या पलंगाशी. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. तक्ता बघितला.

आठचा चौकोन झाला. माझी २६. मध्ये मध्ये — चुकतेय.

बाई उठून बसल्या. स्वतःच्या जोरावर. गाल तांबूस. माझं रक्त त्यांना शोभून दिसतं. डोळ्यांतून पाणी. डाव्या हातानं माझे केस मागे सारतायत.

दहाला पंधरा मिनिटं. हॉलमध्ये आता पेपर वाटत असतील.

त्यांनी तक्ता मांडीवर घेतलाय. हात पुढे. पेन मागतायत. खोलीत एकच, मी लिहितेय ते. मला रेघ मारवत नाही, अजूनही नाही. त्यांना मारवेल. दिलं की त्या जातील. संध्याकाळी अक्का येऊन आधी तक्ता बघतील —

माझी मोजता येत नाही. बोटांनाच कळत नाही.

एवढं लिहू द्या, बाई. मी तुमच्याजवळ नव्हते, माफ करा. मला जगायचंय. लाज वाटते पण जगायचंय —

घट्ट धरलंय त्यांनी पेनाचं टोक. ओढतायत. मी सोड