घुमटावर कुब्लूकाका चढण्यापूर्वी

मी, निविआक, उक्पिक यांची थोरली मुलगी, वय एकवीस, राहणार कुगारुक, शुद्धीवर आहे आणि हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. प्रथम दुरुस्ती. सोमवारच्या मृत्युपत्रात बर्फ कापायची सुरी मी ‘वडिलांची’ म्हटली होती. ती आजीची. आजी गेल्यावर मी जन्मले, तिचे नाव मला लागले आणि नावाबरोबर सुरीही. वडील मला आईच म्हणतात. मसुदा वाचून म्हणाले, “आई, स्वतःची सुरी माझ्या नावावर कशाला टाकतेस?” तो कागद रद्द समजावा.

कारण असे. मी प्रथमच एकटीने बर्फाचे घर बांधणार आहे. घर पुरे झाले की घुमटावर माणूस उभा करून पाहतात. वर कुब्लूकाका, गावात सर्वांत वजनदार, आत मी. टिकले तर यंदा मासेमारीच्या मुक्कामाचे घर मी बांधायचे; पडले तर दरवर्षीसारखे चुलतभाऊ तूलिकने.

१. सुरी आणि माझे नाव, घरात यापुढे जन्मणाऱ्या बाळाला. वडील म्हणाले, “पुन्हा एकदा आई म्हणेन, पण घाई नको.”

२. शिवणयंत्र तूलिकला. “निवे, बर्फ कापणं म्हणजे बाह्या शिवणं नव्हे,” असे तो सर्वांदेखत म्हणाला होता. बाह्या शिवून पाहाव्यात. सुया डब्यात आहेत.

३. शाळेची पुस्तके धाकट्या बहिणीला. एका चित्रात बर्फाच्या घराच्या विटा आडव्या थरांत रचल्या आहेत. त्या वळसे घेत चढतात. पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे.

४. घर टिकल्यास, ज्याला थंडी वाजेल त्याचे. काठी खुपसत हिंडून मी एकाच वादळात पडलेला बर्फ शोधला आहे. दोन वादळांचा असला की वीट मधोमध फाटते. छताचे हवेचे भोक कोणी बुजवू नये.

५. कुब्लूकाका साक्षीदार, म्हणून त्यांना काही देता येत नाही.
“एक मासासुद्धा नाही?”
“नाही, काका.”
“मग पोटभर जेवूनच चढतो!”

६. मृत्युपत्राचे व्यवस्थापक वडील, म्हणून त्यांनी बाहेर थांबावे, असे लिहिले होते. ते म्हणाले, “मी आत बसणार. तू बांधलेल्या घरात मला कसली भीती, आई?” मी पुष्कळ समजावले. शेवटी व्यवस्थापकाच्या नावाची जागा कोरी सोडली आहे.

साक्षीदार: कुब्लू (काका), सनाक (शेजारीण)
सही: निविआक
कुगारुक, गुरुवार, ७ मार्च १९९१

आम्ही दोघे आत बसू तो दिवस: शनिवार, ९ मार्च.