एकोणीस वेळा

३ मार्च

चि. धाकटीस अनेक उ. आ.

काल पेपरात वाचलं. सहा देशांनी मिळून माणसाच्या डीएनएचा नकाशा जवळजवळ पुरा केला म्हणे, आणि आज उलगडलेला तुकडा उद्या जगासमोर ठेवतात. मग मला दोन वर्षं ताटकळत का ठेवलंस? तुझ्याच भुणभुणीपायी तुमच्या प्रयोगशाळेत या नकाशासाठी रक्त दिलं. आता बघ की, आपल्या वडिलांचा आजार माझ्यात उतरलाय का ते. अण्णांचे हात पन्नाशीत थरथरायला लागले. मला अठ्ठेचाळिसावं लागलं. दुरुस्तीला आलेलं घड्याळ उघडलं की चाकांआधी स्वतःची बोटंच बघत बसतो. परवा एक स्क्रू निसटला. तुझी वहिनी म्हणते, चष्मा बदला. माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही. लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझा दादा

११ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी नकाशातली ती जागा काढून पाहिली. तिथे डीएनएची तीच तीन अक्षरं एकामागून एक एकोणीस वेळा येतात. हा आकडा चाळीसच्या वर गेला की अण्णांचा आजार. म्हणजे हा माणूस ठणठणीत. हे तुझंच आहे असं लिहून पाकिटावर तिकीटसुद्धा चिकटवलं होतं. मग फाडलं.

नकाशा एकट्याचा नाही रे. अनेकांच्या रक्तातले तुकडे जोडलेत, आणि कितीतरी नळ्या वापरल्याच नाहीत. कोणाचं काय हे कोणालाच कळू नये म्हणून नळ्यांवरच्या चिठ्ठ्या काढायच्या, आणि ते काम माझ्याकडे होतं. तुझी चिठ्ठी मीच काढली. ते एकोणीस कोणाचे, देव जाणे. तुला वेगळी तपासणी करावी लागेल.

आणखी एक. तेव्हा रक्त मलाही देता आलं असतं. स्वतःचीच अक्षरं एखाद दिवशी समोर आली तर, म्हणून घाबरले आणि तुला पुढे केलं. माझीही तपासणी मी अजून केलेली नाही. रागाव हवं तेवढं, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस अनेक उ. आ.

रागावलो. दोन दिवस तुझं पत्र कपाटावर पालथं टाकून ठेवलं. मग शाळेतली लस आठवली. तू माझ्या पाठीमागे दडायचीस आणि मी दंड पुढे करायचो. तेव्हापासून तेच चाललंय.

सोमवारी दुकान बंद ठेवून येतोय. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, दोघांची. या खेपेला खुर्चीत आधी तू बसायचंस. तुझा हात मी धरीन. माझा थरथरलाच, तर तुझ्या काळजीने थरथरतोय असं दोघांनी धरून चालायचं.

लोभ होता तेवढाच आहे.

दादा